बगळ्यांची पंगत

सुलक्षणाच्या रानात बगळे उतरले की आंबेवस्तीतली माणसं बांधावर उभी राहून मोबाईलवर फोटो काढायची. उत्रोलीवरून पुढं जाऊन ओढा ओलांडला की ही वस्ती लागते. उंबरे मोजकेच, पण कौतुक करायला बसली की कुणाला खाली म्हणून ठेवायची नाही, आणि नावं ठेवायला बसली तरी हात आखडता घ्यायची नाही. दोन वर्षं तिनं सुलक्षणाला डोक्यावर घेतलं होतं. सुलक्षणानं पिकाच्या मुळाशी अर्क ओतला की घटकाभरात पांढरे बगळे यायचे आणि लग्नाच्या पंगतीत मानाचे पाहुणे फिरतात तसे ओल्या सरीतून ऐटीत फिरायचे. "रान जितं झालं," म्हातारी माणसं म्हणायची. "औषधं मारल्यापासनं बगळं दिसंना झालं हुतं. पोरीनं परत आनलं."

सुलक्षणा ते ऐकून फुलायची. का नाही फुलायची? तिचं माहेर वेल्ह्याच्या वर, तोरण्याच्या अंगाला. सासरी आली तेव्हा तिच्या बोलण्याला, तिच्या नाकातल्या जुन्या चमकीला, ती भाकरी थापते त्या पद्धतीलासुद्धा "डोंगरातली" म्हणून हसून झालं होतं. आता त्याच हसणाऱ्या बायका तिच्या दारात कॅन घेऊन उभ्या राहत होत्या. असं सुख कुणी नाकारत नाही, तिनंही नाकारलं नाही.

झाडपाल्याचा अर्क तसा गावोगाव करतात. कडुनिंब, करंज, निरगुडी, सीताफळ, रुई, घाणेरी, असा दहा जातींचा पाला गोमूत्रात कुजत घालायचा, गाळायचा आणि फवारायचा. पण ह्या भागातला पाऊस असा हट्टी, की सकाळी फवारलेलं दुपारपर्यंत पानावर ठेवत नाही. सुलक्षणानं त्यात माहेरची एक वस्तू घातली. गेळ.

गेळ म्हणजे डोंगरातल्या एका काटेरी झाडाचं लिंबाएवढं फळ. उन्हाळ्यात ओढा आटून नुसते डोह उरले, की तिच्या माहेरच्या बाया वाळलेल्या गेळी कुटून डोहात टाकायच्या. पाण्यावर साबणासारखा फेस धरायचा. मग खालचे मासे धुंद होऊन, पोटं आभाळाकडं करून एकेक वर यायचे, आणि पोरासोरांनी टोपल्या भरायच्या. ते मासे घरोघर शिजायचे. म्हातारी खायची, बाळंतिणी खायच्या, कुणाचं नख दुखायचं नाही. त्याच ओढ्यावर खाली गुरं पाणी प्यायची, त्यांनाही काही व्हायचं नाही. गेळ म्हणजे मासळीच्या दिवसाची गंमत, एवढंच सुलक्षणाला ठाऊक. तिच्या माहेरी कुणी गेळीला विष म्हटलं असतं तर त्याला वेड्यात काढलं असतं.

गेळीच्या फेसानं अर्क पानाला चिकटून राहायला लागला. भातावरचे तुडतुडे पटापट पडले. मुळाशी ओतला तर मुळं कुरतडणारी हुमणी गेली, गव्हातली वाळवी गेली. वस्ती खूश झाली.

आता भंडाऱ्याचं सांगायला हवं, कारण सगळं घोडं तिथंच अडलं.

अर्काच्या आधीच्या साली गोरखच्या दोन म्हशी बांधावरचं गवत खाऊन मेल्या होत्या. बांधाला लागून कुणीतरी दुकानातलं औषध मारलेलं होतं. गोरख हा वस्तीचं पुढारपण करणारा माणूस. मनानं चांगला, पण एकदा बोललेला शब्द मागं घेणं त्याच्या जिवावर यायचं. त्यानं वस्ती जानाईच्या देवळात गोळा केली आणि सगळ्यांकडून कबूल करून घेतलं, की आंबेवस्तीच्या शिवारात विष येणार नाही, आणि ज्याला रानात मारायला काही द्यायचं असेल त्यानं आधी भंडारा उचलायचा. भंडारा उचलणं म्हणजे देवीपुढची हळद मुठीत घेऊन, आपल्या सगळ्यात जवळच्या माणसाच्या नावानं शब्द देणं. शब्द खोटा निघाला तर भोग त्या माणसाला भोगावे लागतात, असं वस्ती मानते. भोरच्या कोर्टात हात वर करून बिनदिक्कत खोटं बोलून आलेली माणसं आंबेवस्तीत आहेत, पण त्यांच्यातलाही एकजण भंडाऱ्याला हात लावायचा नाही.

सुलक्षणानं लावला. गुरवानं विचारलं, "कुनाच्या नावानं?" तेव्हा ती नवऱ्याचं नाव घ्यायला लाजलीसुद्धा नाही. "ह्या अर्कात इष न्हाई. आसंल तर माज्या अमृतवर यिऊ दे," असं तिनं सगळ्यांदेखत ठणकावून सांगितलं. अमृत तिथंच खांबाला टेकून उभा होता आणि हसत होता. अर्काचे कॅन टेम्पोत घालून किकवीला आणि वेल्ह्याच्या बाजाराला पोचवायचं काम पुढं त्यानंच अंगावर घेतलं.

ती खोटं बोलली नव्हती. जे ठाऊक होतं तेच बोलली होती, हे तिच्याबद्दल वाईट बोलण्याआधी माणसानं ध्यानात ठेवावं.

दोन वर्षांनी, हिवाळ्यात, हरभरा फुलावर आला होता तेव्हाची गोष्ट. सकाळी सुलक्षणा शेणाची पाटी घेऊन गोठ्यातून आली, तर तिच्या सासूबाई, बनाबाई, आंब्याखाली कमरेवर हात ठेवून उभ्या. तिथं त्यांचा गांडूळ खताचा वाफा होता. विटा रचून केलेला, वर गोणपाट घातलेला. म्हातारीचा सगळा जीव त्या वाफ्यात. रोज त्यावर पाणी शिंपडायच्या, आणि कुणी जवळपास नसलं तर आतल्या गांडुळांशी दोन शब्द बोलायच्याही. आदल्या संध्याकाळी सुलक्षणानं अर्क गाळला होता, आणि उरलेला चोथा बनाबाईंनी वाफ्यावर पसरला होता. पालाच तो, वाया कशाला घालवायचा?

"सुलक्षणे, हिकडं ये गं. मुंग्या शिरल्या का काय आत?"

गोणपाटाच्या कडेनं, विटांच्या फटींतून गांडुळं बाहेर येत होती. सारवलेल्या अंगणात त्यांचा तांबडा सडा पडला होता. काही अजून वळवळत होती, स्वतःलाच गाठ मारल्यासारखी. काही पांढुरकी पडून थांबली होती. वाफ्यात शेण होतं, ओल होती, सावली होती, तरी तिथं त्यांना राहवत नव्हतं. आणि बाहेर ऊन चढत होतं, कोंबड्या धावून येत होत्या. मागं फिरायची सोय नव्हती आणि पुढं जगायची नव्हती.

बनाबाईंनी वाकून दोन गांडुळं तळहातावर घेतली, त्यांच्यावर पाणी शिंपडलं आणि परत वाफ्यात ठेवली. ती पुन्हा बाहेर आली.

सुलक्षणाला डोह दिसत होता. तसंच, अगदी तसंच. खालचं सगळं वर येतंय, आणि वर आलेलं परत खाली जात नाहीये. पाटी तिनं तिथंच टाकली.

तिनं अर्काचा कॅन उचलला आणि तशीच रानात गेली. बांधालगत, ज्या तुकड्यात अजून एकदाही अर्क गेला नव्हता, तिथं ओल्या मातीत तिनं थोडा ओतला आणि उकिडवी बसून राहिली. थोड्या वेळानं माती हलली. एक गांडूळ वर आलं, मग बाजूला दुसरं, मग इतकी की तिला पाय कुठं ठेवावा कळेना. तेवढ्यात पाठीमागं पंखांचा आवाज झाला. एक बगळा बांधावर उतरला, तिच्याकडं तिरक्या मानेनं पाहिलं आणि ऐटीत चालत येऊन त्यानं पहिलं गांडूळ उचललं. मग दुसरा बगळा आला.

दोन वर्षं ती ह्या बगळ्यांकडं बघून फुलत आली होती. ते तिच्या जित्या रानाला भेटायला येत नव्हते. मरायला वर आलेल्यांच्या पंगतीला येत होते, आणि पंगत ती स्वतः वाढत होती.

ती विहिरीजवळच्या तुकड्यात गेली. तिथं सगळ्यात आधीपासून अर्क जात होता. खुरप्यानं उकरून पाहिलं. इथं पाहिलं, तिथं पाहिलं. गांडूळ नाही, गांडुळानं वर टाकलेल्या मातीच्या गोळ्या नाहीत, गोम नाही, पैसा किडा नाही, मुंगीचं बीळ नाही. माती निबर झाली होती, ढेकूळ हातानं फुटेना. गेल्या साली ह्याच तुकड्यात पाणी मुरत नाही म्हणून ती अमृतनं आणलेल्या ट्रॅक्टरवाल्याला शिव्या घालत होती, त्यानं रान दाबलं म्हणून. बिचाऱ्याचा काही संबंध नव्हता. सुलक्षणाला रडू कोसळलं. आपण ज्या रानाला लेकरासारखं जपतो म्हणून मिरवलं, त्याच्या पोटातलं सगळं आपण आपल्या हातानं बाहेर काढून पाखरांना घातलं, ह्याची तिला भयंकर लाज वाटली.

अर्क थांबवायचा. आपला, शेजारच्या ठकुबाईचा, सगळ्या वस्तीचा. डोळे पुसताना तिच्या मनात एवढंच होतं. त्यासाठी खरं काय ते बोलायला लागेल, हे त्याच्या मागोमाग आलं, आणि मग भंडारा आठवला.

दुपारी अमृत जेवायला बसला तेव्हा तिनं त्याला सगळं सांगितलं. तो भाकरी मोडता मोडता ऐकत होता.

"गांडुळं मेली म्हनून काय झालं? मानूस मेलं का? म्हस मेली का?"

"आवं, रान मरतंय. ईरीजवळचा तुकडा बगा येकदा. म्या उद्यापासनं अर्क करनार न्हाई."

"मग लोकांस्नी काय सांगशील?"

"खरं सांगीन."

अमृतचा हात थांबला. "खरं सांगितलंस तर भंडारा खोटा पडतो. आन नाव माजं घेतलंयस तू." मग त्याला स्वतःच्याच बोलण्याचं हसू आलं. "म्या न्हाई मानत आसलं काय," तो म्हणाला आणि ताटावरून उठला. दुसऱ्या दिवशी मात्र त्याच्या टेम्पोला नवं लिंबू-मिरची लटकत होतं, आणि ओढ्याच्या वळणावर, जिथं तो एरवी कुणाच्या बापाचं ऐकायचा नाही, तिथं त्यानं गाडी हळू घेतली.

बनाबाईंनी मेलेली गांडुळं खराट्यानं गोळा केली आणि परसात खड्डा करून पुरली. चोथ्याचं सुलक्षणानं सांगितलं तेव्हा म्हातारी बराच वेळ त्या खड्ड्यापाशी बसून होती. मग आत आली आणि सुनेच्या समोर उभी राहिली.

"ह्ये त्वा मला सांगितलंस. आता कुनाला सांगायचं न्हाई."

"आत्याबाई, तुमी बगितलंत न्हवं डोळ्यांनी?"

"बगितलं. गांडुळं परत आनू. उत्रोलीतनं आनू, भोरातनं आनू. पोरगं कुठनं आनू?"

देवी असा हिशेब करते का, हे सुलक्षणाला माहीत नव्हतं. करत नसेल, असं तिला वाटायचं. पण असं वाटणं आणि आपल्या नवऱ्याच्या डोक्यावर ते करून बघणं, ह्यात फार अंतर होतं.

मग तिनं गुपचूप सुटायचा प्रयत्न केला. पुढच्या पिंपात गेळ घातलीच नाही. तिला वाटलं, अर्क चालू राहील, गेळ सुटेल, कुणाला काही बोलायला नको. आठवड्याभरात बायका दारात. "औंदा अर्काचं पानी झालंय गं. पानावरचा मावा हाय तसाच हाय." सगळ्यात पुढं ठकुबाई. ती शेजारच्या रानाची, नात्यानं जाऊ, आणि अर्काच्या कामात पहिल्यापासून सुलक्षणाचा उजवा हात. तिनं पिंपात काठी घालून ढवळलं, फेस आला नाही हे पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"गेळ इसरलीस व्हय! थांब, म्या कुटून आनते. वेल्ह्याच्या बाजारातनं आनलेली पोतंभर पडलीय माज्या घरी."

आणि तिनं आणलीसुद्धा. सुलक्षणानंच तिला शिकवलं होतं, फळ कसं ओळखायचं, किती वाळवायचं, किती बारीक कुटायचं. ठकुबाई मुसळ घालत होती आणि सुलक्षणा तोंडावर पदर धरून बघत होती. बोलावं तर नवरा, न बोलावं तर रान.

संध्याकाळी अमृतचा टेम्पो यायला उशीर झाला की सासू-सुना दोघी काही ना काही निमित्त काढून अंगणात यायच्या. एक तुळशीपाशी, एक गोठ्यापाशी. दोघींचे डोळे ओढ्याच्या वळणावर. टेम्पोचा आवाज आला की दोघी आत जायच्या, आणि एकमेकींकडं पाहायचं टाळायच्या. बाहेर ठकुबाईच्या रानात अर्क पडत होता, बगळे येत होते, पोरं फोटो काढत होती.

एके दिवशी तिला ठकुबाईचा हरभरा दिसला. कडेच्या ओळी पिवळ्या पडत होत्या, आणि पाटाचं पाणी सरीत मुरण्याऐवजी वर तसंच चमकत होतं. स्वतःच्या विहिरीजवळच्या तुकड्यात दिसलं होतं तसंच. मंगळवार होता. संध्याकाळी जानाईच्या आरतीला सगळी वस्ती जमायची. सुलक्षणा आंघोळ करून, कुणाला न सांगता देवळात गेली.

आरती झाली, प्रसाद वाटला, आणि ती उभी राहिली.

"माजं थोडं ऐका. आपल्या अर्कात गेळ हाय. गेळीनं गांडुळं मरत्यात. मातीतलं समदंच मरतंय. तो अर्क आता कुनी वापरू नका."

देवळात आधी कुणाला कळलंच नाही. मग कुजबुज सुरू झाली. गोरख पुढं आला. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच जास्त वाईट होतं.

"वैनी, हितंच, ह्याच पायरीवर तुमी भंडारा उचलला हुता. इष न्हाई म्हनून."

"तवा मला ठावं न्हवतं, भावजी."

"आन बगळं? इषावर बगळं येत्यात व्हय?"

"ते गांडुळं खायला येत्यात. आपन वततो तवा गांडुळं मराया वर येत्यात, म्हनून येत्यात."

कुणीतरी हसलं. हसण्यासारखंच होतं ते. दोन वर्षं ज्या बगळ्यांचे फोटो साऱ्या पाहुण्यारावळ्यांना पाठवले, ते मरणाऱ्या गांडुळांवर टपलेले बगळे होते, हे कुणाच्या गळी उतरणार?

"चला माज्यासंगं," सुलक्षणा म्हणाली. "आत्ता दाखवते. कुठंबी वतू या. तुमीच बगा."

"मातीतलं पुरावं हितं कशाला?" गोरख म्हणाला. "शब्द देवीपुढं दिलाय, तर तो देवीपुढंच फिरवायचा. उचला भंडारा. म्हना, अर्कात इष हाय. आमी आजच पिंपं पालथी करतो." तो ते मनापासून म्हणत होता. त्याच्या दोन म्हशी गेल्या होत्या, विषाचा त्याला सगळ्यांपेक्षा जास्त राग होता.

सुलक्षणाला वाटलं, सुटले. इतकं सोपं होतं तर महिनाभर जीव का टांगणीला लावला? ती पुढं झाली, तिनं ताटातला भंडारा मुठीत घेतला. तेवढ्यात तिचं मनगट कुणीतरी घट्ट धरलं. बनाबाई होत्या. कधी येऊन पाठीमागं उभ्या राहिल्या होत्या, कुणास ठाऊक. त्यांनी नुसतं धरून ठेवलं.

गुरवानं विचारलं, "कुनाच्या नावानं?"

आणि सुलक्षणाच्या ध्यानात आलं. अर्कात विष असेल तर पहिला भंडारा अमृतवर जातो. नसेल तर हा दुसरा. अमृतचं नाव घेऊन दोन्ही बाजूंनी शब्द दिला, तर त्याला सुटायला वाटच उरत नाही. तिनं दाराकडं पाहिलं. अमृत उंबऱ्याच्या बाहेर, चपला न काढता उभा होता. आज तो हसत नव्हता. त्यानं तिच्याकडं पाहिलं आणि मान फिरवली. जो नवरा आसलं काय मानत नव्हता, तो घाबरला होता.

"माज्या नावानं," ती म्हणाली. "माज्या सोताच्या नावानं. इष आसंल आन म्या खोटं बोलत आसंन, तर माजं काय व्हायचं ते हू दे." शब्दसुद्धा नीट लागत नव्हते तिला.

देवळात पुन्हा कुजबुज झाली. गुरवानं मान हलवली. "सोताच्या नावानं भंडारा उचलत न्हाईत, बाई. तसं आजवर झालं न्हाई. जवळच्याचं नाव घ्या."

सुलक्षणाच्या तोंडून नाव निघेना. सगळी वस्ती वाट बघत होती.

"न्हाई घेत," मागून एक म्हातारी स्पष्ट म्हणाली. "मनात खोटं हाय म्हनून न्हाई घेत. तवा कशी खणखणीत बोलली हुती."

मग गोरखनं हळूच तिच्या हातातला भंडारा ताटात परत घेतला. "वैनी, घरी जा. इसावा घ्या. पयला शब्द हाय तसा ऱ्हाईल. अर्कात इष न्हाई."

अशा रीतीनं जानाईच्या देवळात, सगळ्या वस्तीच्या साक्षीनं, अर्क निर्दोष सुटला. आणि तो सोडवला कुणी, तर सुलक्षणानंच.

त्या दिवसापासून तिनं पिंपाला हात लावला नाही. तिच्या न लावण्यानं कुणाचं अडलं नाही. ठकुबाईच्या परसात दोन पिंपं आली, मग चार झाली. गेळीची पोती वेल्ह्याहून अमृतच्या टेम्पोतूनच यायची आणि कॅनही त्याच्याच टेम्पोतून किकवीला जायचे. "घर चालवायचं हाय," तो म्हणायचा, आणि सुलक्षणा त्याला डबा भरून द्यायची. तो सुखरूप परत आला की तिला बरं वाटायचं, आणि बरं वाटल्याचा रागही यायचा. तो सुखरूप आहे हाच वस्तीला अर्काचा पुरावा वाटत होता, आणि तो तसाच राहावा म्हणून ती रोज देवाला हात जोडत होती.

तिच्या हाती एवढंच उरलं, की आपल्या रानात अर्काचा थेंब पडू द्यायचा नाही. ते तिनं भांडून मिळवलं. विहिरीजवळच्या तुकड्यात तिनं शेण टाकलं, पालापाचोळा टाकला, उन्हाळाभर गवताचं आच्छादन घातलं. पावसाळा आला आणि गेला. रब्बीत तिनं तिथं वाल टोकला. त्यावर मावा पडला, शेंगा किडल्या. आणि बगळे तिच्या रानाकडं फिरकेनात.

वस्तीला आणखी काय हवं होतं? "बगा," लोक म्हणायचे, "देवळात शब्द फिरवाया गेली, जानाईनं पाठ फिरवली. पाखरूसुदिक उतरत न्हाई रानात." फोटो काढणारी पोरं आता ठकुबाईच्या बांधावर उभी राहायची. बनाबाईंचा वाफा रिकामाच होता. उत्रोलीतून गांडुळं आणायचं म्हातारी आता बोलतही नव्हती.

त्या दिवशी सकाळी सुलक्षणा वालात खुरपत होती. शेजारच्या रानात ठकुबाई बादलीनं मुळाशी अर्क ओतत होती आणि तिच्या मागं बगळ्यांची रांग लागली होती. मागच्या सालाइतके नव्हते, हे सुलक्षणाला दिसत होतं. पंगतीतलं वाढप आटत चाललं होतं. ते संपेल तेव्हा बगळे उठून दुसऱ्या गावाला जातील, आणि तेव्हाही ही माणसं देवीलाच बोल लावतील, हेही तिला दिसत होतं.

खुरप्यानं एक ढेकूळ उलटलं. ते हाताच्या दाबानं फुटलं, आणि आत ओल्या काळ्या मातीत एक गांडूळ होतं. दोऱ्याएवढं बारीक, गुलाबी, कोवळं. उजेड लागताच ते अंग आवळून आत शिरायला लागलं. खाली, आपल्या घरात, जायला त्याला जागा होती. सुलक्षणाच्या डोळ्यांत पाणी आलं. वर्षभरात तिला एवढा आनंद झाला नव्हता. तिला ओरडून सगळ्यांना बोलवावंसं वाटलं.

"काय गावलं गं?" ठकुबाई बादली घेऊन बांधापर्यंत आली होती. तिच्या मागोमाग दोन बगळे बांधावर चढले आणि त्यांनी माना तिरक्या करून इकडं पाहिलं. बादलीतला फेस काठावर थरथरत होता.

सुलक्षणानं मूठभर माती त्या जागेवर लोटली आणि तळहातानं दाबून सारखी केली.

"काय न्हाई," ती म्हणाली.

देवळात दोन्ही वेळा ती खरंच बोलली होती. खोटं ती आत्ता बोलली, आणि ठकुबाईला ते लगेच पटलं.